परकारभाईंचे खिळे

रमझान सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, एका गुरुवारी सकाळी, अमिरातीतल्या फुजैरा बंदरातील आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सिरिलिक लिपीतली एक सूचना लागली. रशियन, बल्गेरियन, सर्बियन या भाषा जिच्यात लिहितात ती ही लिपी. इमारतीत कायम राहणाऱ्यांपैकी एकाच माणसाला ती वाचता येत होती, आणि सूचना त्यानेच लावली होती.

वॉचमनने ती सरकारी समजून काढली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी ती लिफ्टच्या कंपनीची समजून सोडून दिली. संध्याकाळी माझी पत्नी मासळीबाजारातून सुरमई घेऊन आली आणि लिफ्टमध्ये शिरली. आत दोघे होते. एक उंच, पांढऱ्या दाढीचा खलाशी. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एका शिपिंग एजंटच्या खोल्या आहेत. जहाजावर चढणारे आणि जहाजावरून उतरणारे लोक तिथे एखादी रात्र काढतात. दुसरे, कोपऱ्यात पेन्सिल घेऊन उभे असलेले, आमचे शेजारी सलीम परकार.

खलाशाने सूचना पाहिली आणि कंटाळलेला माणूस भिंतीवरचे काहीही वाचतो तशी ती मोठ्याने वाचली. “लिफ्टमध्ये ओल्या मासलीची पिशवी ठेवू नये. पानी गलते.”

पत्नीने पिशवी उचलून छातीशी धरली. “सॉरी हं,” ती म्हणाली, “खाली डबल प्लास्टिक आहे.”

खलाशी तिच्याकडे पाहत राहिला. आपण काय वाचले ते त्याला माहीत नव्हते. तो बल्गेरियन होता, आणि मजकुरात ऑलिव्हबद्दल काहीतरी असावे एवढाच त्याचा अंदाज होता, कारण त्यांच्या भाषेत ऑलिव्हला ‘मास्लिनी’ म्हणतात. परकारभाईंनी कागदावर पेन्सिलीने खुणा केल्या.

“ळ पडला. ण पण पडला. बाकी एक नंबर. थँक यू, हबीबी.”

“परकारभाई, हे तुमचं काम?” पत्नीने विचारले.

“वहिनी, तुमच्या मासळीशी आपला काही झगडा नाही. बिनधास्त आणा. मला फक्त मराठी वाचणारा बल्गेरियन पाहिजे होता.”

तो मिळावा म्हणून ते दुपारपासून लिफ्टमधून खाली-वर करत होते.

परकारभाई साठीचे आहेत. गाव दापोलीजवळ, खाडीकाठी. फुजैरात जहाजे इंधन भरायला थांबतात. अशा थांबलेल्या जहाजाला कांद्यापासून दोरखंडापर्यंत सगळे पुरवणाऱ्या एका कंपनीत ते मॅनेजर आहेत. मी जहाजांच्या इंधनाच्या भावांच्या बातम्या देतो. पहिल्या भेटीत त्यांनी माझा धंदा विचारला आणि म्हणाले, “म्हणजे तुम्ही पत्रकार आणि मी परकार. मधला ‘त्र’ तेवढा तुमचा. तो सांभाळा.” तेव्हापासून ते मला नावाने हाक मारत नाहीत.

सिरिलिकशी त्यांची गाठ कांद्यामुळे पडली. ते इथे नवीन असताना एका जहाजाचा आचारी धक्क्यावर उभा राहून “लूक, लूक” ओरडत होता. परकारभाईंनी इंग्रजी समजून आधी समोर पाहिले, मग मागे, मग पाण्यात. आचारी जास्त ओरडला, हे जास्त पाहू लागले. शेवटी आचाऱ्याने रिकामे पोते त्यांच्या डोळ्यांसमोर हलवले. रशियनमध्ये कांद्याला ‘लूक’ म्हणतात, बल्गेरियनमध्येही. त्या आठवड्यात त्यांनी ती अक्षरे शिकायला घेतली. अक्षरे आल्यावर त्यांना प्रश्न पडला की ही छापली पहिल्यांदा कोणी. तो प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणजे उत्तर मिळाले आहे, पण परकारभाई सुटलेले नाहीत.

“सिरिलिकमधलं पहिलं पुस्तक कोणी छापलं, सांगा पत्रकार,” असे ते चहा घेताना विचारतात. उत्तराची वाट पाहत नाहीत. “जर्मन माणसाने. पोलंडमध्ये, क्राकूवला. भाषा त्याची नाही, पंथ त्याचा नाही, गाव त्याचं नाही. तरी छापलं. मग त्याला आत टाकलं. त्याचा पीआरओ बेकार असणार.” पीआरओ म्हणजे इथे कंपनीसाठी व्हिसाची आणि सरकारी कागदांची कामे करणारा माणूस. मी पडताळून पाहिले. गोष्ट पंधराव्या शतकाच्या अखेरची आहे. जर्मन, क्राकूव आणि अटक तिन्ही बरोबर आहेत. पीआरओबद्दल दुजोरा मिळाला नाही.

त्यांच्या बोलण्यात ही जुनी माणसे मागच्या गल्लीत राहत असल्यासारखी येतात. माँटेनेग्रोच्या डोंगरातले छापखाना चालवणारे साधू. मॉस्कोतले ते दोघे, ज्यांनी झारच्या हुकमाने पुस्तक छापले आणि ज्यांना थोड्याच काळात तिथून निघावे लागले. गेल्या वर्षी आमच्या इमारतीतल्या एका तरुण इंजिनिअरची नोकरी गेली आणि व्हिसा रद्द झाला. सगळे त्याला धीर देत होते. परकारभाई म्हणाले, “मॉस्कोच्या दोघांनाही निघावं लागलं. पुढच्या गावाला जाऊन त्यांनी आणखी चांगलं छापलं.” इंजिनिअरने नंतर मला विचारले की हे दोघे कोणत्या कंपनीत होते.

पण त्यांचे सर्वात लाडके लोक व्हेनिसला जाऊन छापणारे. “या सर्ब-बल्गेरियन लोकांच्या मुलखात तुर्कांचं राज्य आलं, छापखाने बंद पडले. मग ही माणसं समुद्र ओलांडून व्हेनिसला गेली. तिथे छापायचं, गाठोडी बांधायची आणि जहाजाने गावाला धाडायची. म्हणजे व्हेनिस काय झालं? त्यांचं दुबई झालं. फक्त ह्यांनी टीव्ही आणि ब्लँकेटं नाही नेली, पुस्तकं नेली.”

त्या छापणाऱ्यांची एक रीत होती. पुस्तकाच्या शेवटी ते वाचकाला विनंती करत की चूक दिसली तर आम्हाला शाप देऊ नका, सुधारून घ्या. परकारभाईंनी तिचे मराठी केले आहे: “शिव्या घालू नका, दुरुस्त करा.” एकदा एका जहाजावर कोबीऐवजी लेट्यूस गेले. कप्तान फोनवर ओरडत होता. परकारभाईंनी हे वाक्य आधी हिंदीत सांगितले, मग बल्गेरियनमध्ये. कप्तान फिलिपिनो होता.

आता मुख्य मुद्दा. परकारभाई एक पुस्तक छापत होते. भाषा मराठी, लिपी सिरिलिक. ते ईदपर्यंत पुरे व्हायला हवे होते, कारण ईदला त्यांची आठ वर्षांची नात येणार होती आणि ते तिला मोठ्याने वाचता यायला हवे होते. लिफ्टमधली सूचना ही त्याची पूर्वतयारी होती. खलाशाच्या तोंडून बरोबर मराठी निघाले तर नातीच्याही निघेल, असा हिशेब होता.

नातीचे नाव नादिया. हे नाव मुसलमानांतही चालते आणि बल्गेरियातही. परकारभाईंचा मुलगा इम्रान जहाजावर इंजिनिअर आहे. त्याने वार्ना या बंदरातल्या मुलीशी लग्न केले. तिचे नाव देसिस्लावा, आणि घरातले तिला देसी म्हणतात. “आमच्या घरात एकच परदेशी,” परकारभाई सांगतात, “तिचं नाव देसी.” ही मंडळी वार्नाला राहतात. नादियाला बल्गेरियन येते, शाळेपुरते इंग्रजी येते, मराठी येत नाही. परकारभाईंचे बल्गेरियन धक्क्यावरचे आहे. भाज्या, दोरखंड आणि शिव्या, एवढा त्याचा आवाका. “मला तिच्याशी कांद्याबद्दल बोलता येतं,” ते म्हणाले. “ती एकदा हो म्हणते. मग काय बोलू?”

छापण्याचे यंत्र त्यांच्या बाल्कनीत आहे, वॉशिंग मशीन आणि एसीचा डबा यांच्या मधे. हाताने दाबायचे, पूर्वी लग्नपत्रिकांसाठी वापरलेले, शारजाच्या एका भंगारवाल्याकडून आणलेले. अक्षरांचे शिशाचे खिळे वार्नाहून आले. तिथला एक जुना छापखाना बंद पडला तेव्हा ओळखीच्या कप्तानाने एक पेटी उचलून आणली आणि बदल्यात आंब्याचे लोणचे नेले. बंदराच्या गेटवर पठाण सुरक्षारक्षकाने पेटीत काय आहे ते विचारले.

“कीलें हैं,” परकारभाई म्हणाले.

त्याने पेटी उघडली. “ये कैसी कील है? ठोकेगा कहाँ?”

“काग़ज़ में.”

पेटी तीनदा उघडून बंद झाली. शेवटी परकारभाईंनी स्टँपच्या पॅडवर एक खिळा टेकवून रक्षकाच्या तळहातावर उमटवला. रक्षकाने अक्षर पाहिले आणि म्हणाला, “यल्ला, जाओ.”

मी विचारले होते की ऑफिसात लेझर प्रिंटर असताना हे कशाला. “लेझर प्रिंटरवर पुस्तक निघत नाही,” ते म्हणाले, “इन्व्हॉइस निघतं.”

खरी अडचण वेगळी होती. मराठीतला ‘अ’ बल्गेरियन लिपीत आहे. ‘ъ’ हे अक्षर ते साधारण आपल्या ‘अ’सारखे उच्चारतात. रशियन लोक तेच अक्षर लिहितात आणि उच्चारत नाहीत. लिफ्टमधली सूचना एका रशियन खलाशानेही वाचली होती, आणि त्याच्या तोंडून दगड चावल्यासारखा आवाज आला. परकारभाईंनी त्या कागदावर शेरा मारला: “रशियाने अ गिळला.” बल्गेरियन बरोबर वाचत होता, पण बल्गेरियन भाषेला हे अक्षर फार लागत नाही आणि मराठीचे त्यावाचून पानही हलत नाही. पेटीत त्याचे खिळे मूठभर होते. म्हणून ते चार ओळी जुळवत, छापत, खिळे सोडवत, धूत आणि त्याच खिळ्यांनी पुढच्या चार ओळी जुळवत.

“जुने लोक असंच करायचे,” ते म्हणाले. “खिळे कमी, वेळ भरपूर.”

“तुमच्याकडे वेळ कुठे आहे? ईद आली,” माझी पत्नी म्हणाली.

“म्हणून तर तुमच्याकडे चहा पितोय. घरी केला असता तर दहा मिनिटं गेली असती.”

त्याच चहावर त्यांनी आम्हाला च शिकवला. एका हाताने कप उचलला, दुसऱ्या हाताने चमचा. “हा चहा. हा चमचा. बोलून बघा. चहाचा च वेगळा, चमच्याचा पहिला च वेगळा. आपल्याकडे दोघांना अक्षर एकच, आणि पोराने वाचायचं कसं ते देवाला माहीत. ह्यांच्याकडे दोन अक्षरं. सरळ हिशेब.” ळ मात्र त्यांच्याकडे नाही, ण नाही. तिथे त्यांनी ल आणि न यांच्या खाली टिंब द्यायचे ठरवले. जुन्या सिरिलिक पुस्तकांत अक्षरांच्या डोक्यावर खुणांची गर्दी असे. “ते डोक्यावर टोप्या घालत होते. मी पायात चप्पल घातली.”

रमझानच्या मध्यावर त्यांनी छापलेली पाने आमच्याकडे दाखवायला आणली. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिने पान हातात घेतले. सिरिलिकमधला छोटा ‘ग’ इंग्रजीतल्या छोट्या ‘आर’सारखा दिसतो.

“बाबा, इट सेज रो. हिअर ऑल्सो रो. एव्हरी लाइन, रो.”

“प्रत्येक ओळीच्या शेवटी रड कशाला, परकारभाई?” पत्नीने विचारले.

“रो नाही, वहिनी. गो.”

मग त्यांनी जे सांगितले ते असे. दोन वर्षांपूर्वी नादियाला पहिल्यांदा गावी नेले. परकारभाईंची पत्नी खैरूनभाभी गावीच असतात. त्या इथे एकदा आल्या होत्या, बंद खिडक्यांच्या घरात त्यांचा जीव घुसमटला आणि त्या परत गेल्या. नात दारात आली तेव्हा त्या धावत बाहेर आल्या. कोकणात पोरीबाळींशी, बायामाणसांशी बोलताना वाक्याच्या शेवटी ‘गो’ येतो, तसा तो आला. ये गो. बस गो. खा गो. इकडे बघ गो.

नादियाला इंग्रजी फार येत नव्हते. पण ‘गो’ येत होता.

ती ओट्यावर जाऊन बसली. पायातले बूट काढले नाहीत. दादी ताट घेऊन मागे आली आणि पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा ती ओट्यावरून उतरून अंगणात गेली. दादी अंगणात आली. मुलगी गेटपर्यंत गेली. देसीने तिला जवळ घेऊन विचारले, आणि कळल्यावर सगळे हसले, इम्रान सर्वात जास्त. नादियाला पुष्कळ समजावले. तिने ऐकून घेतले. त्यानंतर फोनवर दादी आली की ती खोलीतून निघून जाते.

“आमची बाई अजून विचारते, पोरीला मी काय बोलले,” परकारभाई म्हणाले. “मी काय सांगू? तू ये म्हणालीस ते तिने जा ऐकलं?”

त्यांनी पाने गोळा केली. “समजावून उपयोग नाही. आम्ही सगळे हसलो ना तिला. तिने स्वतः वाचलं पाहिजे. छापलेलं माणूस मानतो.” मग माझ्या पत्नीला म्हणाले, “एक बल्गेरियन पण अडखळला होता. त्यांच्या भाषेत ‘गो’ म्हणजे ‘त्याला’. तो मला विचारतो, खा त्याला, बघ त्याला, हे कोणाला खाताय तुम्ही?”

पुस्तक ईदच्या आदल्या दिवशी दोऱ्याने शिवून झाले. पहिल्या पानावर देसीकडून घेतलेले एक बल्गेरियन वाक्य होते: हा गो इंग्रजीतला नाही, हा दादीचा आहे. पुढे सगळे मराठी. शेवटच्या पानावर, जुन्या रीतीप्रमाणे, चुकांबद्दलची विनंती आणि ‘फुजैरा येथे छापले’.

ईदच्या दिवशी दुपारनंतर परकारभाईंनी आम्हाला शीरखुर्म्याला बोलावले. इम्रान आणि देसी होते. नादिया खिडकीजवळ पुस्तक घेऊन बसली होती. सकाळी दिल्यापासून तिने ते खाली ठेवले नव्हते, असे देसीने सांगितले. वाचले का, ते नादियाने सांगितले नव्हते. परकारभाईंनी विचारले नव्हते. ते टेबलावरचे खजुराचे ताट पुन्हापुन्हा सरळ करत होते.

इम्रानने गावाला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक कान दिसला.

“अम्मी, कानाला नको. समोर धर.”

“समोर धरलं तर ऐकू कसं येणार?” कान म्हणाला.

नेहमीची बोलणी झाली. शेवया केल्या का, पाहुणे कोण आले, ते कान विचारत होता. नादिया उठली. परकारभाईंनी ताटावरचा हात काढला. ती दाराकडे जाण्याऐवजी टेबलापाशी आली, फोनसमोर उभी राहिली, पुस्तक उघडले आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली.

“सलाम दादी. मी नादिया गो.”

कान गेला. पडद्यावर एक डोळा आणि अर्धा चष्मा आला.

“कोण बोलतंय?”

“कशी आहेस गो,” नादियाने वाचले. मधे कोणी काय म्हणाले ते तिला कळत नव्हते, त्यामुळे ती थांबली नाही. “मी वार्नाला राहते गो. आमच्याकडे पण समुद्र आहे गो. तुझ्या हातचं मला खायचं आहे गो.” ‘हातचं’मधला च चमच्याचा होता, आणि तो बरोबर आला. परकारभाई तोंडाने आवाज न करता तिच्याबरोबर वाचत होते. ती शेवटच्या ओळीवर आली.

“दादी, जेवलीस का गो?”

खैरूनभाभींनी चष्मा काढून पदराने पुसला. “नाय गो,” त्या म्हणाल्या. “रोजा हाय.”

इथली ईद बहुतेक वर्षी गावच्या आदल्या दिवशी येते. गावात काल चंद्र दिसला नव्हता. तिथे तो तिसावा रोजा होता.

“इतकी वर्षं दोन-दोन ईद करतो मी,” परकारभाई म्हणाले. “आणि ईदच्या पुस्तकात उपाशी बाईला जेवलीस का विचारतो.”

इम्रानला हसू आले. त्याने नादियाकडे पाहिले आणि ते आवरले. नादियाला वाटले आपण चुकीचे वाचले. तिने देसीकडे पाहिले. देसीने तिला बल्गेरियनमध्ये सांगितले की वाचलेले सगळे बरोबर आहे, दादीने उत्तर दिले आहे; तिने सकाळपासून काही खाल्लेले नाही आणि सूर्य मावळला की ती खाईल. नादियाने खिडकीबाहेर पाहिले. बाहेर लख्ख ऊन होते. तिने काहीतरी विचारले.

“ती विचारते, दादीला एकटीला थांबावं लागणार का,” देसीने इंग्रजीत सांगितले.

तिथे सूर्य इथल्या आधी मावळतो, हे इम्रानने तिला समजावले. नादियाने खुर्ची ओढली आणि फोनसमोर बसली. गावी खैरूनभाभींनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. त्यांच्यासमोर रोजा सोडायचे ताट होते. त्यातली एकेक वस्तू उचलून त्या तिचे नाव सांगू लागल्या, आणि नादिया ते नाव म्हणू लागली. परकारभाई उठून बाल्कनीत गेले आणि यंत्राजवळ उभे राहिले. माझी पत्नी त्यांना शीरखुर्म्याची वाटी द्यायला गेली, तेव्हा त्यांनी ती घेतली आणि हातातच ठेवली.

गावात मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली तेव्हा फुजैरात बाल्कनीच्या कठड्यावर ऊन होते. खैरूनभाभींनी खजूर तोंडात घातला. नादियाने आपला खजूर तोवर मुठीत धरून ठेवला होता. तो तिने तेव्हा खाल्ला.